समुद्रापार गेलेल्यांचे फोटो आणि आमचे अप्पा

महालिंगअप्पांच्या पंचाहत्तरीनिमित्त गौरवग्रंथ निघणार आणि त्यात मी लिहायचं, असं परस्पर ठरवून समितीची मंडळी माझ्या घरी आली. मी त्यांना म्हटलं, बाबांनो, गौरव करायला दुसरं कुणी बघा. मी त्या माणसाच्या दुकानात उभं आयुष्य काढलं आहे. गौरव लांबच्यांनी करावा. जवळ राहिलेल्याच्या वाट्याला नुसता डोक्याला ताप येतो. मंडळी हसली, चहा प्याली आणि कोरे कागद ठेवून निघून गेली. तेव्हा आता पुढं जे लिहितो आहे ते वाचून कुणाला राग आला, तर त्याची जबाबदारी समितीची.

अप्पांची आणि माझी पहिली गाठ निजामाच्या राज्यात, मोठी लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी पडली. मी तेव्हा धाराशिवात दुकानांच्या पाट्या रंगवत असे, वर उर्दू, खाली मराठी. कुणीतरी सांगितलं, तुळजापुरात देवळाच्या उतारावर एक फोटोवाले आहेत, त्यांना मागचा पडदा रंगवून हवा आहे. मला वाटलं, राजवाड्याचे खांब नाहीतर बागेतलं कारंजं असेल. फोटोवाल्यांचे पडदे तसेच असतात. अप्पांनी मला पाणी दिलं, बसवलं आणि म्हणाले, समुद्र काढा. मी विचारलं, तुम्ही पाहिलाय का? नाही म्हणाले. मी म्हटलं, मीही नाही पाहिला, मग काढू कसा? त्यावर अप्पा म्हणाले, "इर्ली."

हा शब्द इथंच समजावून सांगतो, कारण या शब्दानं माझं अर्धं रक्त आटवलं आहे. अप्पांच्या घरची बोली कानडी. इर्ली म्हणजे असू दे. पाऊस छतातून गळाला, इर्ली. गिऱ्हाईक शिव्या देऊन गेलं, इर्ली. मी घसा फोडून सांगितलेलं सगळं पालथ्या घड्यावर पाणी, वरून पुन्हा इर्ली.

तर मी समुद्र काढला. पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यात नर-मादीचा धबधबा पडतो, त्याखालचं खवळलेलं पाणी मी पाहिलं होतं, तेच लांबरुंद करून पडद्यावर पसरलं. अप्पांना पसंत पडलं. पुढं समुद्रापार जाऊन आलेला जो कुणी दुकानात येई, त्याला ते पडद्यासमोर उभं करत आणि विचारत, असाच असतो का? बसऱ्याहून आलेला म्हणाला, गढूळ असतो. मोंबासाहून आलेला सुतार म्हणाला, छ्या, निळाशार. रंगूनहून सुट्टीवर आलेल्यानं सांगितलं की रात्री तो काळा असतो आणि बाकी वेळी त्यानं पाहिलाच नाही, कारण तो जहाजाच्या तळाशी उलट्या करत पडला होता. प्रत्येकाचं ऐकून अप्पा मला म्हणत, जरा बदला. मी बदलत गेलो आणि त्या दुकानातच राहून गेलो. त्या एका पडद्यावर मी इतके समुद्र काढले की शेवटी कापड रंगानं जड होऊन दांडीसकट खाली आलं.

समुद्रच का, हे सांगायला हवं. आमच्या भागातली माणसं तेव्हा सोलापूरच्या गिरण्यांत जात, आणि तिथून कुणी मिस्त्री रंगूनच्या भाताच्या गिरणीत, कुणी पलटणीबरोबर बसऱ्याला, कुणी आफ्रिकेत रेल्वेच्या कामावर जाई. जाण्याआधी देवीच्या पाया पडायला तुळजापूरला येत आणि घरच्यांसाठी मागं एक फोटो ठेवून जात. त्यांना अप्पा समुद्रापुढं बसवत. घरच्यांना त्याची सवय व्हावी, म्हणत. एक फोटो घरी जाई, दुसरा अप्पांच्या दुकानाच्या भिंतीवर लागे.

इथवर ठीक होतं. खरा ताप पुढं होता. अप्पांचा नियम, आधी गोष्ट, मग फोटो. दुकानात वीज नव्हती. छताला एका बाजूनं काचा आणि खाली पांढरं कापड, सगळा कारभार उन्हाच्या भरवशावर. माणूस पडद्यापुढं ताठ बसायचा आणि अप्पा कॅमेऱ्याजवळ उभं राहून विचारायला लागायचे. का चाललास? मागं कोण आहे? जाऊ नको असं कोण म्हणालं? जाताना आई घरात होती की शेतात? आधी तो माणूस अवघडून व्हय, न्हाय करायचा. मग सैल व्हायचा. मग भडाभडा बोलायला लागायचा आणि कधी डोळे पुसायला लागायचा. बाहेर दर्शन करून आलेली कुटुंबं नटूनथटून ताटकळत, पोरं कळवळून रडत, आणि त्यांना थोपवायला मी. एवढं सगळं झाल्यावर अप्पा काळ्या फडक्यात डोकं घालत, बाहेर काढत आणि सांगत, उजेड गेला, उद्या या.

एकदा तर ज्याला उद्या या म्हटलं, त्याची संध्याकाळी सोलापुराहून गाडी होती. मग अप्पा कॅमेरा घेऊन त्याच्याबरोबर सोलापूरला, आणि लाकडी स्टँड माझ्या खांद्यावर. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! मी एकदा चिडून विचारलं, गोष्ट फोटो काढल्यावर ऐकली तर काय बिघडेल? अप्पा म्हणाले, येताना माणूस फोटोसाठी आणलेला चेहरा घेऊन येतो, बोलून झालं की त्याचा स्वतःचा चेहरा जागेवर येतो. हे खरं होतं, मी ते काचेवर उतरलेलं पाहिलं आहे. पण खरं असलं म्हणून ताप कमी होत नाही.

या गोष्टी अप्पांनी कधी लिहून ठेवल्या नाहीत. सगळ्या डोक्यात. कुणाची आई, कुणाचा चुलता नवरात्रात आला की भिंतीवर आपला माणूस शोधी आणि अप्पा त्याची गोष्ट त्याच्याच शब्दांत पुन्हा सांगत. एका म्हातारीला डोळ्यांनी दिसत नव्हतं. अप्पांनी तिचा हात धरून तिच्या मुलाच्या फोटोवरच्या काचेवरून फिरवला आणि टोपी कशी बसली आहे, बंडीचं वरचं बटण कसं लावायचं राहिलं आहे, सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, लहानपणापासनं तसाच हाय, बटन लावत न्हाय. त्या दिवशी तीन कुटुंबं फोटो न काढता निघून गेली, आणि मला अप्पांवर ओरडताही येईना.

नाक्यावरची गंमत ऐका. ज्यांवर फोटो उतरतो आणि ज्या उजेड लागला की वाया जातात, त्या फोटोच्या काचा सोलापुराहून यायच्या. सोलापूर इंग्रजांचं, तुळजापूर निजामाचं, मधे करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीचा. तिथं एक नवा कारकून आला. पेटी उघडा म्हणाला. अप्पा म्हणाले, साहेब, उघडली तर आतल्या मरतील. झालं! कारकुनाला वाटलं आत कोंबड्या नाहीतर आणखी काही जिवंत आहे. त्यानं भर उन्हात एकेक काच काढून दोन्ही बाजूंनी बघितली आणि पुन्हा नीट गुंडाळून ठेवली. सगळ्या काचा खलास. माझ्या अंगाची आग आग झाली. अप्पांनी त्या माणसाला काय विचारावं? तुमचं कुणी समुद्रापार आहे का? निघाला, त्याचा भाऊ बसऱ्यात होता. दुपारभर अप्पा नाक्याच्या ओट्यावर बसून त्या भावाची गोष्ट ऐकत राहिले आणि मी मेलेल्या काचांची पेटी मांडीवर घेऊन बसलो. पुढं त्या कारकुनानं आमची पेटी कधी उघडली नाही, हेही कबूल करायला हवं.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं म्हणजे हे कागद हातात घेतले, ती सांगतो.

जपान्यांनी रंगून घेतलं ते वर्ष. तिकडची पत्रं बंद झाली. नवरात्रात दर्शनाला आलेली माणसं देवीच्या आधी अप्पांच्या दुकानात डोकावत, काही कळलं का म्हणून विचारत. अप्पांना काय कळणार? खंडेनवमीला आपण आपापली हत्यारं पूजतो. शेतकरी कुळव, सुतार करवत, मी माझे कुंचले. अप्पा दरवर्षी कॅमेऱ्याला हार घालत. त्या वर्षी त्यांनी झेंडूची पाटी भरून आणली आणि भिंतीवरच्या सगळ्या फोटोंना एकेक हार घातला. मी वर बघितलं आणि ताडकन उठलो. आपल्याकडं फोटोला हार कधी घालतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी म्हटलं, अप्पा, उतरवा ते. ही जिवंत माणसं आहेत. अप्पा म्हणाले, हार जिवंत माणसाच्याच गळ्यात घालायचा असतो, मेल्यावर घालतो ती आपली चूक. इतके दिवस कुणाच्या दृष्टीला पडले नाहीत, निदान देवीच्या नजरेत राहू द्या. मी म्हटलं, देवीला कळेल हो, लोकांचं काय? "इर्ली," अप्पा म्हणाले.

जळकोटचा एक माणूस त्या गर्दीत देवळाकडं चालला होता. दारातूनच त्याला भिंतीवर आपल्या गावचा बळीराम दिसला, गळ्यात झेंडूचा हार. बळीराम सोलापूरच्या गिरणीतला मिस्त्री, लढाईआधी रंगूनला गेलेला. हा माणूस आत आला नाही, विचारलं नाही, तसाच गावी गेला आणि बळीराम गेल्याचं सांगितलं. त्याला तरी काय दोष द्यायचा? पत्र बंद, मुलूख जपान्यांच्या हातात, आणि वर फोटोला हार. मीही तेच समजलो असतो. जळकोटात रडारड झाली, दहावा झाला, बळीरामच्या बायकोच्या, सोजरबाईंच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं.

आम्हाला हे कळलं कार्तिकात. जळकोटहून आलेल्या एका गिऱ्हाइकानं सहज सांगितलं, की सोजरबाई तरण्या आहेत, मूलबाळ नाही, म्हणून दिरानं एका बिजवराबरोबर त्यांचा पाट लावायचं ठरवत आणलं आहे. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. त्यात वाईट काही नाही, आमच्याकडं रीतच आहे. पण त्यासाठी आधी ती विधवा असावी लागते. अप्पा स्टुलावर बसले. त्या दिवशी त्यांच्या तोंडून इर्ली निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी मोटारीनं नळदुर्ग, तिथून बैलगाडीनं जळकोट. मारुतीच्या पारावर दीर, चुलत सासरे आणि चार जाणती माणसं बसली. अप्पांनी हात जोडून सांगितलं, चूक माझी आहे, हार मी घातला, मला मेल्याची कसलीच खबर आलेली नाही. मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. चुलत सासरे वयस्क आणि खरोखर सज्जन गृहस्थ होते. ते म्हणाले, अप्पा, झालं गेलं जाऊ द्या, तो जित्ता हाय एवढं तुमी देवीची आण घेऊन सांगा, आमी आत्ता कासार बोलावतो आणि पोरीचा हात भरतो.

अप्पा म्हणाले, "त्ये मला ठावं न्हाय."

मी शेजारी बसलो होतो. मी त्यांना कोपरानं ढोसलं. अहो, एवढं बोलायला काय जातं? एका बाईचं सगळं आयुष्य त्या एका वाक्यावर लटकलं आहे, ही बळीरामची बायको राहणार की दुसऱ्याच्या घरी पाटाला जाणार ते या क्षणी ठरतंय, आणि तुम्ही हरिश्चंद्र होऊन बसलात? चुलत सासऱ्यांनी पुन्हा विचारलं. अप्पांनी पुन्हा तेच सांगितलं. देवीची शपथ, मला तेव्हा त्यांना पाराखाली ढकलून द्यावंसं वाटलं.

तेवढ्यात सोजरबाई शेतातून आल्या. कुणीतरी त्यांना सांगितलं असणार. डोक्यावरचा भारा त्यांनी पाराशी टाकला. मोकळं कपाळ, मोकळे हात. सासऱ्यांसमोर बायका तेव्हा बोलत नसत. सोजरबाई मात्र सरळ अप्पांना म्हणाल्या, "अप्पा, हार कशापायी घातला व्हता?"

"जित्ता हाय आसं धरून."

"मेल्याची खबर हाय तुमच्यापाशी?"

"न्हाय."

"जित्ता असल्याची?"

"ती बी न्हाय."

 सोजरबाई पारावरच्या मंडळींकडं वळून म्हणाल्या, "मग माझ्या बांगड्या कुणाच्या खबरीवर फोडल्या?"

 दीर म्हणाले, वैनी, दहावा झालाय, झालेलं माघारी कसं घ्यायचं? सोजरबाई म्हणाल्या, दहावा तुम्ही केलाय, नवरा मी धाडलाय, वाटही मीच बघीन. कासार बोलावायला त्या स्वतः गेल्या. आम्ही पारावर बसलो असतानाच दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरून, कपाळभर कुंकू लावून त्या परत आल्या आणि भारा उचलून घराकडं गेल्या. पाट मोडला.

परतीच्या गाडीत मी अप्पांशी नळदुर्ग येईपर्यंत भांडलो. म्हटलं, ती बाई खंबीर निघाली म्हणून निभावलं. नसती तर? तुमच्या खरेपणानं तिचं वाटोळं झालं असतं.  अप्पा बैलांकडं बघत म्हणाले, उद्या उलटी खबर आली तर ती कुणाच्या शब्दावर उभी राहील? मी म्हटलं, उद्याचं उद्या. मला त्यांचं पटलं नव्हतं. आजही पुरतं पटलेलं नाही.

लढाई संपली आणि पुढं एका पावसाळ्यात नळदुर्गचे लतीफभाई दुकानात आले. बळीराम आणि हे एकाच गिरणीत मिस्त्री, दोघं एकाच दिवशी आमच्या समुद्रापुढं बसून फोटो काढून गेलेले. लतीफभाई वाळून काटकी झाले होते. भिंतीवर स्वतःचा फोटो बघून त्यांनी तोंड फिरवलं. अप्पांनी त्यांना स्टुलावर बसवलं, मी दार लावून घेतलं आणि गिऱ्हाइकांना परत पाठवलं.

रंगून पडलं तेव्हा हे दोघं हजारो माणसांबरोबर पायी निघाले होते. रानातून, डोंगरातून, आसामच्या दिशेनं. उन्हाळ्याच्या अखेरीला एका नदीकाठी बळीरामला तापानं धरलं. लतीफभाईंनी त्याला जमेल तेवढं पाठीवर वाहिलं. मग स्वतःलाच उभं राहवेना. बळीराम गेल्यावर त्यांनी वर पालापाचोळा घातला आणि पुढं चालू लागले. हे सांगून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "मैं उसकू वहीं छोडके आया, अप्पा. उसकी घरवाली को कैसा मूं दिखाऊं?" म्हणूनच आसामात, कलकत्त्यात मिळेल ते काम करत ते इतकी वर्षं लांब राहिले होते. फोटो अप्पांनी काढला नाही. त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. लतीफभाई नळदुर्गला घरी गेले, ते जाईपर्यंत मी तोंड बंद ठेवलं.

मग हिशेब माझ्या लक्षात आला. उन्हाळ्याच्या अखेरीला बळीराम गेला आणि झेंडूचा हार पडला खंडेनवमीला. म्हणजे ज्या दिवशी आम्ही जळकोटच्या पारावर हात जोडत होतो, त्या दिवशी दहावा करणारे बरोबर होते आणि एका विधवेचा चुडा भरायला आम्ही कारण झालो होतो. मी कपाळाला हात लावला. अप्पा उठले, उपरणं खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, उद्या जळकोटला जायचं.

आता पुन्हा भांडण, फक्त बाजू बदलून. मी म्हटलं, अप्पा, या खेपेला माझं ऐका. ती बाई कुंकू लावून मानानं राहते आहे. दिरानं तिची जमीन वेगळी करून दिली आहे, ती कसते आहे, कुणाच्या दारात उभी नाही. तुम्ही जाऊन सांगणार आणि पुन्हा तेच सगळं होणार. कुणाचं भलं होणार आहे त्यात? लतीफभाई काही कुणाला सांगत नाहीत. अप्पा म्हणाले, ठाऊक नव्हतं तेव्हा नाही म्हणालो, आता ठाऊक आहे. मी म्हटलं, तुमचं हे ठाऊक तुमच्यापाशी ठेवा. तर नाही! हट्टाला पेटलेला माणूस एखाद्या वेळी दमतो, पण शांतपणे हट्ट करणाऱ्यापुढं काही चालत नाही.

गेलो. सोजरबाई दारात ज्वारी पाखडत होत्या. आम्हाला लांबून बघून त्यांचा चेहरा फुलला, लगेच उठल्या. मधल्या काळात अप्पा दोन-तीनदा जळकोटला गेले होते, गावातल्या लग्नाकार्याचे फोटो काढायला, आणि दर वेळी कॅमेऱ्याची पेटी घेऊन. सोजरबाईंनी अप्पांच्या हातांकडं पाहिलं, मग माझ्या खांद्याकडं पाहिलं. पेटी नव्हती, स्टँड नव्हता. सूप त्यांनी हळूच खाली ठेवलं.

अप्पांनी तोंड उघडायच्या आत त्या बोलल्या. "अप्पा, बसा. भाकरी खाऊन जावा. पर सांगू नका. मी कुणाला इचारायला धाडलं न्हवतं तुमच्याकडं."

अप्पा म्हणाले, "बाई, माझ्यापाशी..."

"त्या दिवशी तुमी खोटं बोलला न्हाईत, म्हणून आज तुमचं तोंड बघून मला समजतंय. उघडू नका त्ये." मग हातांतल्या बांगड्या एकदा वर सारून म्हणाल्या, "ह्या एकदा फोडल्या माझ्या, चार जणींनी धरून. दुसऱ्यांदा फोडून घ्यायची न्हाय मी."

त्या आत गेल्या. चुलीपुढं बराच वेळ बसल्या असाव्यात, कारण भाकरी यायला उशीर झाला. डोळे लाल होते, कुंकू ठळक होतं. अप्पांनी निमूट भाकरी खाल्ली आणि पाणी पिऊन आम्ही निघालो. आयुष्यात पहिल्यांदा अप्पांनी आधी गोष्ट ऐकली नाही आणि सांगितलीही नाही. नळदुर्गपर्यंत मला भांडायला काही उरलं नव्हतं.

पुढं रझाकारांची धामधूम आली. तेव्हा काही जण येऊन म्हणाले, भिंतीवरचे हे बळीरामसारखे उतरवा. पोलीस अॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेल्यावर दुसरे काही आले आणि म्हणाले, भिंतीवरचे ते लतीफसारखे उतरवा. दोघांनाही अप्पांनी पाणी दिलं आणि तुमचं कुणी समुद्रापार आहे का म्हणून विचारलं. माझी झोप उडाली होती. दुकानाला आग लागली तर रंगाच्या डब्यांसकट मी जाणार, हे मी त्यांना सांगितलं. उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. एकही फोटो खाली आला नाही. लतीफभाई पुढं नळदुर्गातच वारले. त्यांच्या मातीला अप्पा गेले होते.

मागच्या साली सोजरबाई गेल्या. अप्पा आता काठी घेऊन चालतात, डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून सांगितलेलं. तरी निघाले, म्हणजे मीही निघालो. जळकोटात पोचलो तर दारात वाद चाललेला. दिरांचे मुलगे म्हणत होते, काका चाळीस वर्षांवर झाली परतला नाही, आता कसला असतोय, काकूला साध्या लुगड्यात न्यावं. बायका म्हणत होत्या, तिनं जन्मभर कुंकू लावलंय, तिला सवाष्णीसारखं न्यायचं, ओटी भरायची. त्यावर एक जण म्हणाला, मेल्या माणसाच्या बायकोची ओटी भरली तर घराला बाधते. जुनी माणसं कुणी उरली नव्हती. मग कुणीतरी ओळखलं आणि सगळे अप्पांकडं बघायला लागले. हे खोटं बोलत नाहीत, असं त्या घरात पिढीजात सांगितलं जातं. थोरल्या मुलानं विचारलं, अप्पा, तुमीच सांगा, काय करायचं?

 मला वाटलं, आता हा माणूस खरं बोलणार. एवढ्या वर्षांनी, त्या बाईच्या देहापुढं उभं राहून सगळं सांगणार, कारण ठाऊक आहे. मी त्यांचा दंड धरला. त्यांनी माझा हात बाजूला केला, काठी टेकत पुढं गेले, सोजरबाईंच्या चेहऱ्याकडं पाहिलं.

"हिरवं लुगडं आणा," अप्पा म्हणाले. "अन् मळवट भरा."

मग कुणी वाद घातला नाही. बायकांनी चुडा भरला, ओटी भरली, कपाळभर मळवट भरला, आणि सोजरबाई बळीरामची बायको म्हणून गेल्या.

येताना एसटीत मी म्हटलं, अप्पा, आज खोटं बोललात. ते म्हणाले, मी कुठं काय बोललो, मी लुगडं मागितलं. आणि खिडकीला डोकं टेकून झोपी गेले. नळदुर्गपासून तुळजापूरपर्यंत मी एकटाच डोळे पुसत बसलो.

हे सगळं मी इथं लिहितो आहे, अप्पांना न विचारता. सोजरबाईंच्या बांगड्या आता कुणी फोडू शकत नाही. जळकोटच्या मंडळींना वाचून जे वाटायचं ते वाटो. ओटी भरलेली परत घेता येत नाही. अप्पा रागावले तर रागावोत, एकदा तरी त्यांचा राग बघायला मिळेल.

शेवटी शुभेच्छा देण्याची रीत आहे. अप्पांना आई भवानीनं डोळ्यांत उजेड द्यावा, गुडघ्यांत बळ द्यावं, शंभरी पार करून द्यावी, वगैरे समितीला हवं ते सगळं द्यावं. माझं मागणं वेगळं आहे आणि ते मी देवीकडं न मागता त्यांच्याकडंच मागतो. अप्पा, मी तुमच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान असेन, पण माझ्या आधी जाऊ नका. तुम्ही गेलात तर मी भांडू कुणाशी? जन्मभर माझं एक ऐकलं नाहीत, एवढं ऐका.